नर्सबाईंनी वाचलेली भुताची गोष्ट

पुस्तक परत करताना नर्सबाई त्याचं बाळंतपण कसं झालं ते सांगत. डोणगावच्या वाचनालयात मी अभिप्रायाची एक वही ठेवली होती. बाकीचे वाचक तीत ‘उत्तम’, ‘बोधप्रद’, ‘छपाई सुबक’ असं काहीबाही लिहून मोकळे होत. नर्सबाईंची पेन्सिल मात्र स्वतःच्याच धंद्याची भाषा बोले. ‘सुटसुटीत झालं.’ ‘मधातच अडलं, ओढून काढावं लागलं.’ ‘दिवस भरायच्या आधी झालं, वजन कमी.’ एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीखाली त्यांनी ‘जुळं आहे, वेगळं करावं’ असं लिहिलं होतं, आणि एका प्रेमकवितांच्या संग्रहाखाली दोनच शब्द: ‘खोट्या कळा.’ शेवट आधीच सांगून टाकणारं पुस्तक त्यांच्या लेखी पायाळू. तो कवितासंग्रह आमच्या हेडमास्तरांनी वाचनालयाला भेट दिलेला होता, त्यामुळे मला वहीतलं ते पान हळूच पुढच्या पानाला चिकटवून टाकावं लागलं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी सव्वीस वर्षांचा, चिखलीचा, डोणगावच्या शाळेत नुकताच लागलेला शिक्षक. संध्याकाळी पाच ते सात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय भरे आणि त्याचा बिनपगारी ग्रंथपालही मीच. नर्सबाई दवाखान्यात होत्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, अंगानं भरलेल्या, नेसायला पांढरं पातळ आणि वर काळी छत्री, मग ऊन असो वा नसो. मूळच्या मोताळ्याकडच्या. लग्न झालेलं नव्हतं. ते का, असं विचारण्याची गावात कुणाची छाती नव्हती, कारण निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांचं नाव काय हेसुद्धा मला त्यांच्या बदलीच्या आदेशावर वाचून कळलं.

त्यांचं वाचन चाले ते बंडीत. आसपासच्या वस्त्यांवरून बोलावणं आलं की रहीमभाईंची बैलबंडी निघे. बाई मागे पोत्यावर बसत, शेजारी पत्र्याची पेटी, मांडीवर पुस्तक. खूण म्हणून पानात एक दोऱ्याचा तुकडा असे. तो नाळ बांधायचा दोरा. उकळून घडी करून ठेवलेल्यांपैकी एक त्या पुस्तकासाठी काढून घेत. आमच्या वाचनालयातल्या किती तरी पुस्तकांना त्यामुळे स्पिरिटचा वास येई, आणि बाईंनी काय काय वाचलंय हे मला नाकानंच कळे.

भुताखेतांची पुस्तकं त्यांना सर्वांत प्रिय. “दिवसभर रगत पाह्यते मी. भुताचं पुस्तक वाचलं का जराशीक करमणूक होते,” असं त्या म्हणत. करमणूक कसली, चांगल्या घाबरत. भीती वाटायला लागली की नर्सबाई दोन्ही पाय वर घेऊन बसत. बंडीत, दवाखान्याच्या बाकावर, माझ्यासमोरच्या खुर्चीत, कुठेही. भीती संपली की पाय खाली. हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, पण रहीमभाईंना होतं आणि त्यांच्याकडून मला. पुढे नवीन भयकथा आली की मी रहीमभाईंनाच विचारत असे. ते सांगत, “गुरुजी, इस किताब में दम नाई. बाईचे पाय खालीच होते.”

एका भोगीला आमच्या शेजारणीनं त्यांच्याकडे राळ्याच्या भाताची वाटी पाठवली, ती मीच घेऊन गेलो होतो. बाईंनी वाटी घेतली, तोंडभरून आभार मानले, आणि माझ्यासमोर तो सगळा भात अंगणात एका पत्रावळीवर पसरून ठेवला. चिमण्या उतरल्या. “राळे मी खात नाई गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आन चिमन्याईचे माझ्यावर उपकार आहेत.” मला वाटलं, असेल काही नवस-बिवस. एकट्या राहणाऱ्या बाईचा लहरीपणा, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला, आणि शेजारणीला बाईंनी भात आवडीनं खाल्ला असं ठोकून दिलं.

आता माझ्या पुस्तकाकडे यायला हवं. त्या वर्षी मी एक लघुकादंबरी लिहिली होती. भुताची. तिचं नाव ‘राळ्यांची वाट’. आपल्याकडे बाळंतपणात बाई गेली की ती परत येऊ नये म्हणून मसणातून परतताना लोक वाटेवर राळे टाकत येतात. तिनं उठून घराची वाट धरलीच, तर तिला आधी तो दाणा न् दाणा मोजावा लागतो, आणि मोजून होईस्तोवर उजाडतं. वर उंबऱ्यात खिळे ठोकतात ते निराळे. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण एकदा बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की दिवसा त्या दाण्यांना मुंग्या लागत असतील, चिमण्या टिपत असतील. म्हणजे दाणे रोज कमी होणार. म्हणजे तिची मोजदाद रोज थोडी लवकर आटपणार, आणि रोज ती घराच्या थोडी जवळ येऊन थांबणार. कल्पना मला तेव्हा भयंकर आवडली. खोटं कशाला बोलू, आजही आवडते.

आठ प्रकरणं मी तिला पावलापावलानं घराजवळ आणलं. ती येते लेकरू न्यायला. वाटेत जी आड येईल तिला संपवते. सातव्या प्रकरणात लेकराला अंगावर पाजणारी दूधआई पाळण्याजवळ मरून पडते. नवव्या प्रकरणात घरातला तरुण दीर उंबऱ्यात चार खिळे ठोकतो, शेवटचा तिच्या कपाळात, आणि ती किंचाळत राख होते. एका छोट्या प्रकाशकानं ती छापली. एसटीनं दहा प्रतींचं पार्सल आलं, तेव्हा मी ते स्टँडवरच दातांनी सुतळी तोडून उघडलं. एक प्रत वाचनालयाच्या कपाटात अशा जागी लावली की दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी.

नर्सबाईंनी ती त्याच दिवशी नेली. एरवी तीन दिवसांत पुस्तक परत करणाऱ्या बाई तीन आठवडे फिरकल्या नाहीत. मी अस्वस्थ. रहीमभाईंना गाठलं. “सांगू का,” ते बैलाच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “आठ चाप्टर पाय वर. बंडीतून उतरताना पायाले मुंग्या आल्या होत्या बाईच्या. मंग नववा चालू झाला आन पाय खाली.” माझ्या मनात आलं, बंडीचा धक्का लागला असेल.

अखेर एका संध्याकाळी त्या आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात दोरा नव्हता. मी शाईची दौत इकडची तिकडे केली आणि शक्य तितक्या सहजपणे विचारलं, “कसं वाटलं?”

“मुंग्याईचं फार चांगलं लिहिलं गुरुजी तुम्ही. कोनाले सुचत नाई असं. भ्या वाटलं मले. लय भ्या वाटलं.”

“आणि शेवट?”

त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी मलाच विचारलं, “त्या लेकराचं नाव काय?”

“नाव... ठेवलं नाही मी.”

“पोरगा का पोरगी?”

मी पाहायला गेलो तर दीडशे पानांत मी नुसतं ‘बाळ’ लिहिलं होतं. त्याला आंघोळ घालताना, झोपवताना, कुठेच ते मुलगा की मुलगी हे सांगायची मला गरज पडली नव्हती.

“त्याले दूध कोनं पाजलं मंग?”

“दूधआई आहे ना. सातव्या प्रकरणात.”

“हाव,” नर्सबाई म्हणाल्या, “तिचा तं गळा दाबला तुम्ही.”

मग वही ओढून त्यांनी लिहिलं: ‘पहिली आठ प्रकरणं फर्स्ट क्लास. भ्या वाटलं.’ खालच्या ओळीवर लिहिलं ‘शेवट’, आणि पुढची जागा कोरी सोडली. “हे मागून लिहीन,” म्हणून छत्री उचलून चालू लागल्या. मला राग आला. मॅट्रिक नापास झालेल्या एका कारकुनानं त्याच पानावर ‘अप्रतिम, शेवट तर कळस’ असं लिहिलं, तेव्हा मी त्याला नवीन पुस्तकांतलं पहिलं पुस्तक दिलं.

गावात माझं पुस्तक चांगलंच चाललं. पोस्टमास्तरांच्या बायकोला वाचता येई. दुपारी त्यांच्या ओसरीवर बायका डाळ निवडायला, तुरी सोलायला जमत आणि ती त्यांना माझी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवी. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम त्या गल्लीतून जात असे. आतून “अवं माय!” असं ऐकू आलं की चौथं प्रकरण चालू आहे की पाचवं, हे मी ओळखायचो. दोन बायकांनी तर संध्याकाळनंतर मसणाकडच्या विहिरीवर जायचंच सोडलं. एखाद्याला बढती मिळावी तसा मी त्या दिवसांत चालत होतो.

दोन-तीन महिने गेले. एका दिवशी मधल्या सुट्टीत नर्सबाई थेट शाळेच्या अंगणात उभ्या. डोक्यावर छत्री नव्हती. “गुरुजी, टोपी घाला आन चला,” एवढंच म्हणाल्या. हेडमास्तरांना त्यांनीच सांगितलं की दवाखान्याचं काम आहे. हेडमास्तरांची तिन्ही मुलं नर्सबाईंच्या हातची, त्यामुळे त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

बंडी गावाबाहेर पडल्यावर त्या बोलल्या. तीन मैलांवरच्या वस्तीवर एक बाई बाळंतपणात गेली होती. रक्त थांबलं नाही. बाईंना बोलावणं पोचलं तोवर सगळं संपलेलं. मुलगी जगली होती, पण पुऱ्या दिवसांची नव्हती, मुठीएवढं डोकं. आज तिसरा दिवस. म्हशीचं दूध पचत नव्हतं, शेळीचं कापसाच्या बोळ्यानं घातलं की उलटून पडे. घरात मेलेलीची जाऊ होती, वच्छला. तिच्या अंगावर पाच महिन्यांचं मूल, आणि दूध भरपूर. पण ती पाजत नव्हती.

“काऊन?” मी विचारलं.

“वच्छला डोणगावची लेक. बाळंतपनाले माहेरी होती. पोस्टमास्तरीनबाईच्या ओसरीवर लेकराले पाजत पाजत तुमचं पुस्तक ऐकलं तिनं. सातवं प्रकरन तं दोनदा ऐकलं.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “म्हनते, मी पाजलं तं ती माझा गळा दाबन, आन मंग माझ्या लेकराले कोन? आजचा दिवस जर त्या पोरीच्या पोटात आईचं दूध गेलं नाई, तं उद्या मले तिथं जायचं काम राह्यनार नाई. तुम्ही लिहिलं ना? तं तुम्हीच सांगा तिले, का हे सारं खोटं आहे.”

वस्ती जवळ आली तशी बंडी मसणाच्या वाटेला लागली. धुळीत पिवळसर बारीक दाणे पसरलेले होते, रेघ ओढल्यासारखे, आणि त्यांवर चिमण्या. मुंग्यांची एक ओळ बांधाच्या बाजूनं चाललेली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की आपण किती हुबेहूब लिहिलंय! ते बाळ मग आठवलं. त्या क्षणाचा मला आजही तिटकारा येतो.

घरात सासू भिंतीला टेकून बसली होती. वच्छला कोपऱ्यात, तिचं स्वतःचं मूल मांडीवर झोपलेलं. दोन-चार बायका दाराशी. सुपात फडक्यावर ती मुलगी. रडत होती असंही म्हणवत नाही, मधूनच एक बारीक कण्हण्याचा आवाज येई. तो आवाज आला की वच्छलेच्या चोळीवर ओल पसरे. तिला ते कळत होतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

मी उभ्या उभ्याच भाषण केलं. ते पुस्तक मी रचलेलं आहे, मनानं लिहिलेलं आहे, असं काही कधी घडलेलं नाही, भूत नसतं, विज्ञान काय म्हणतं वगैरे. सासूनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तुम्ही खोटं लिहिलं?”

“हो. खोटं.”

“छापलं कसं मंग? छापलेलं खोटं राह्यते का?” तिनं मला आपादमस्तक पाहिलं. “आन तुम्ही आमच्या लेकराईले शाळेत शिकवता. तेई खोटंच का?”

पुस्तक खरं म्हणावं तर वच्छला पाजत नाही. खोटं म्हणावं तर मी खोटारडा, आणि खोटारड्याचं कुणी कशाला ऐकावं? दाराशी कुणीतरी कुजबुजलं, “घाबरून बोलून राह्यला मास्तर. ती ऐकत असन ना.” माझ्याच आठ प्रकरणांनी मला असं घेरलं होतं. नर्सबाईंनी मला हातानंच बाजूला केलं, आणि वच्छलेच्या समोर जमिनीवर बसल्या.

“वच्छले, मी कोन आहे?”

“नर्सबाई.”

“ते आता. माझी माय मले जन्म देऊन त्याच दिवशी गेली. तिच्या मांगंही राळे टाकले होते. उंबऱ्यात चार खिळे ठोकले, ते अजून आहेत, येजो पाहाले. मले मावशीनं पाजलं. तिच्याही अंगावर लेकरू होतं तुह्यासारखं. एका बाजूले तो, एका बाजूले मी.”

वच्छलेनं मान वळवली. “मावशीले काई...?”

“मावशीले काय होते? मांगच्या दसऱ्याले भेटून आली. तोंडात एक दात नाई, पन मले अजून शिव्या देते.”

दाराशी एक बाई फिसकन हसली आणि तिनं लगेच पदर तोंडात धरला. नर्सबाई हसल्या नाहीत. त्या सुपातल्या मुलीकडे पाहत बोलत राहिल्या, आवाज जराही न चढवता.

“लोक सांगत, माय लेकरू न्यायले येते. राळे मोजल्याबिगर तिले येता येत नाई. तं मी सहा वर्साची होईपावतर रोज खराटा घेऊन ती वाट झाडत जाऊ. दाने कुठचे आले, ते तं मी पाळन्यात होती तवाच चिमन्याईनं नेले. पन मी झाडू. मले वाटे, एकडाव येऊन जाऊ दे तिले. नेलं तं नेलं. उंबऱ्यातले खिळे बोटानं उकराले पाहू, निंगत नव्हते.” त्यांनी सुपातलं फडकं सारखं केलं. “नाई आली वच्छले. आली असती तं मले भ्या नसतं वाटलं.”

सुपातून पुन्हा तो आवाज आला. वच्छलेनं आपलं झोपलेलं मूल सासूच्या मांडीवर दिलं आणि दोन्ही हात पुढे केले. “आना इकडे,” एवढंच ती म्हणाली. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. मी अंगणात रहीमभाईंच्या शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आतून बाईंचा आवाज आला, “धरलं, धरलं!” रहीमभाईंनी डोळे मिटून कपाळाला हात लावला, आणि मी टोपी काढून तोंडावर धरली, कारण मला रडू आवरत नव्हतं.

परतताना बाईंचे पाय बंडीच्या मागे खाली लोंबत होते. मग मीच म्हणालो, “उद्या ते पुस्तक कपाटातून काढून टाकतो.”

“काऊन? लेकरू वाईट निंगालं म्हनून कोनी कोठीत कोंडते का?” त्या फटकन म्हणाल्या. “राहू द्या तिथंच. चांगलं आहे ते पुस्तक. आठ प्रकरनं मी पाय...” आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या पायांची आठवण झाली. रहीमभाई पुढे पाहून हसले.

“शेवट बदलू म्हणता?”

“भ्या कमी करू नका. भ्या खरं आहे. मले अजूनई वाटते, बाळंतीन थंडी पडू लागली का. पन तुमच्या हिरोनं खिळे ठोकले तवा घरात ते लेकरू जागं होतं ना? त्याले विचारलं का तुम्ही, का बाबा, दार लावू का उघडू?”

“नर्सबाई, मग ती भयकथा कशी राहील?”

“ते तुम्ही पाहा. लिहिता तुम्ही.” त्यांनी पेटीचं कुलूप उगाचच तपासलं. “मले काय समजते?”

मी वाद घातला, अगदी गावाच्या वेशीपर्यंत. वाचकाला सुटका लागते, भूत हरलं पाहिजे, वगैरे. सव्वीस वर्षांच्या लेखकाला आपलं चुकलं हे कळायला लागतो त्यापेक्षा कबूल करायला जास्त वेळ लागतो. वहीतली ती ‘शेवट’पुढची जागा कोरीच राहिली. मी त्यांना आठवण केली नाही आणि त्यांनीही नाही.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, मोताळ्याकडेच. निरोपाला दवाखान्यासमोर इतकी माणसं जमली की एसटी थांबवून ठेवावी लागली. वच्छला तीन मैल चालत आली होती, दोन्ही कडेवर दोन लेकरं. त्यातली लहान आता गोलमटोल झालेली. बाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढून वजनाचा अंदाज घेतला आणि “दिवस भरून निघाले,” असं जाहीर केलं. मला त्यांनी खिडकीतून एक कागदाची पुडी दिली. तीत नाळ बांधायच्या दोऱ्याचा तुकडा होता. “नवीन पुस्तक झालं का हा त्यात ठेवून धाडजा,” म्हणाल्या.

तीन-चार वर्षांनी प्रकाशकानं दुसरी आवृत्ती काढायची ठरवली. तेव्हा मी नववं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. आता बाळ मुलगी होती आणि तिला नाव होतं. दीर खिळे ठोकतो, पण गोष्ट तिथे संपत नाही. मुलगी मोठी होते आणि एका दुपारी खराटा घेऊन ती वाट झाडायला लागते, आईला लवकर येता यावं म्हणून. उंबऱ्यात बसून ती वाट पाहते, तिथे मी थांबलो. माझ्या हातून त्याआधी किंवा त्यानंतर इतकं बरं काही लिहून झालेलं नाही. प्रकाशकाला ते पटलं नाही, तरी त्यानं छापलं. पहिल्या शेवटासाठी पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी या वेळी एकही पत्र लिहिलं नाही. मी पहिली प्रत, आत तो दोरा ठेवून, नर्सबाईंना पाठवली.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीनंच लिहिलेलं.

‘गुरुजींस नमस्कार. पुस्तक मिळालं. पाय वरच होते, शेवटपर्यंत. बाळ सुखरूप. बाळंतिणीचं मात्र अजून काही खरं नाही. ती वाटेवरच राहिली. तिचं पुढच्या खेपेला पाहा.’

मी कार्ड दोन-तीनदा वाचलं आणि मनातून पुन्हा चिडलो. म्हटलं, या बाईंचं समाधान म्हणून नाही! जमेल तेव्हा सविस्तर उत्तर लिहू म्हणून कार्ड पुस्तकात घालून ठेवलं. उत्तर लिहिलं गेलं नाही. पुढल्या उन्हाळ्यात रहीमभाई शाळेत आले, बंडीशिवाय, पायी. त्यांना मोताळ्याच्या बाजारात कळलं होतं. नर्सबाई एका बाळंतिणीकडून परत येताना वाटेतच बसल्या आणि उठल्या नाहीत. मांडीवर पुस्तक होतं म्हणे. कोणतं, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. सहा वर्षांची होईपर्यंत न चुकता वाट झाडणाऱ्या मुलीला माझ्याकडून एवढंच हवं होतं की तिच्या आईला कुणीतरी घरी आणावं, आणि मला ते नर्सबाई गेल्यावर कळलं. तेव्हापासून ते प्रकरण मी चार वेळा लिहायला घेतलं. दर वेळी मुलगी दारात येते, वाट झाडून स्वच्छ आहे, चिमण्यांनी आपलं काम केलेलं आहे. फक्त वाटेवर बसलेली तिची आई उठत नाही. मान खाली घालून, नसलेले दाणे मोजत बसते, आणि तिला कोणत्या शब्दांनी हाक मारावी ते मला अजून सापडत नाही.